मन्सूर पेंटरची सनद

वडसा स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला एक बंद पिठाची चक्की आहे. तिच्या भिंतीवर "येथे गहू, ज्वारी, तांदूळ दळून मिळेल" असं अजून दिसतं. चक्की बंद पडून बारा वर्षं झाली, छपराचे टिन कोणीतरी काढून नेले, पण अक्षर हललं नाही. ते काढणारा मन्सूर पेंटर गेल्या धानकापणीत वारला. या माणसानं अकरा ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. गावात विचारा कोणालाही. म्हणतील, "मन्सूर? बोर्ड लिहे ना तो?" बस. एवढीच ओळख.

मला याचा संताप येतो. पण बोट कोणाकडे दाखवायचं? त्याच्या शेवटच्या दिवसांची माती झाली त्यात माझा हात आहे, तो मी लपवणार नाही.

मन्सूरचा बाप कासिम पत्र्याच्या पेट्या बनवायचा. नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या, फुलं रंगवलेल्या. फुलं आणि नावं मन्सूर काढायचा. आठवीत शाळा सुटली, अक्षर सुटलं नाही. मग नाटक कंपन्यांचे बोर्ड आले. वडशात दिवाळी ते होळी नाटकाचा सीझन असतो, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतंच. चार महिने मन्सूरच्या बोटांना रंग असे तो असेच.

मोडी लिपी त्याला शेंगदाण्याच्या पुड्यानं शिकवली म्हणायची. कोणा मालगुजाराच्या घरचे जुने कागद रद्दीत निघाले होते, किराणावाला त्यात शेंगदाणे बांधून देत होता. मन्सूर शेंगदाणे खायचा विसरला आणि पुडा उलगडून बसला. कुठंही न तुटता नदीसारखी वाहत जाणारी ओळ त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. सिंदेवाहीला श्रीहरी नावाचे रिटायर पटवारी होते, त्यांना ती वाचता येई. दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मन्सूर सिंदेवाहीला. दोन वर्षं. पटवारी फी म्हणून फक्त घरावरची पाटी दर दिवाळीला नवी करून घेत.

आणि मग त्यानं कोपा हरकारा लिहिला.

कोपा म्हणजे इंग्रजांच्या वेळचा डाक पोचवणारा. हातात घुंगराची काठी, पाठीवर थैली, चांद्यापासून वैरागडापर्यंत जंगलातून पळणारा. त्याला अक्षर येत नाही. पण ज्याच्या दारात डाक देतो त्याचे पाय, त्याच्या अंगणातली माती, कुंपणावरचा वेल, सगळं बघतो. शिकलेले लोक कागद वाचत बसतात आणि फसतात; कोपा कागदाच्या आजूबाजूचं वाचतो आणि खुनी धरतो. मी पहिली कादंबरी वाचली ती आंदोलनात मला पकडून ठेवलं होतं तेव्हा, जिल्ह्याच्या जेलात. तीन दिवसांत दोनदा. लेखक मी रोज ज्याच्या घरासमोरून जातो तो मन्सूर आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कसं असणार? पुस्तकावर नाव होतं वडसेकर.

नागपूरचा छापणारा म्हणाला होता, "मन्सूर शेख नाव टाकलं तर ऐतिहासिक कोन घेईल हो? वडशाचे ना? वडसेकर करा. भारी वाटते." मन्सूरला वाटलं पहिल्या पुस्तकापुरतं आहे. दुसऱ्याच्या वेळी छापणारा म्हणाला, आता तेच नाव चालते, बदलाल तर मरान. तिसऱ्यानंतर त्यानं विचारणंच सोडलं. मंडईत चटई टाकून तो स्वतःच पुस्तकं विकायचा. गिऱ्हाईक विचारी, "हे वडसेकर कोन हाय?" मन्सूर म्हणे, "हाय एक. मोठा मानूस हाय."

त्याची बायको शमीम कपडे शिवते. तिला हे कधीच पचलं नाही. "मालूम असतं त माह्या बापानं निकाह वडसेकरसंगच लावला असता," ती म्हणे, पाहुण्यांसमोरसुद्धा. मन्सूर हसायचा. हसण्यासारखं नव्हतं.

एक खोड मात्र त्याची स्वतःची. दर पुस्तकावर तो छापून घ्यायचा: "अस्सल कागदपत्रांवर आधारित". साफ खोटं. कागद तोच बनवायचा, भाषा जुनी, शिक्का जुना, आणि त्यात एक चूक मुद्दाम पेरायचा. ती चूक शेवटच्या प्रकरणात कोपा पकडे. मन्सूरची इच्छा एवढीच की कोपाच्या आधी एखाद्या वाचकानं ती पकडावी. "आजपावेतो एकाही हरामखोरानं पकडली नाई," हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान होता की दुःख, कळलं नाही.

सहावी कादंबरी 'कोसमटोल्याची सनद'. कोसमटोला हे खरं गाव, जंगलाला लागून, मोठ्या तळ्याच्या पाळीवर. कादंबरीत गावचा पाटील जंगल वाचवायला एक सनद बनवतो: गोंड राजानं हे जंगल गावाला दिलं, अशी. लिहून देणाऱ्या कारकुनाला तो तळ्यात बुडवतो. कोपाला सनदेतली एक सीमा खटकते: "दक्षिणेस रायमुनियाचे दाट बन". रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं आज आपल्या जंगलात पाऊल ठेवू देत नाहीत, पण ती इंग्रज साहेबांच्या बंगल्यांच्या शोभेसाठी आलेली. कोपाच्या आजानं पहिलं झुडूप चांद्यात लावताना पाहिलेलं. मग राजाच्या सनदेत ते कुठून आलं? पाटील सापडतो.

एका नाटक कंपनीनं यावर नाटक केलं. मालकानं शेवटचा अंकच उडवला. मन्सूर भांडायला गेला तर म्हणतो, "पेंटर, पब्लिकले पाटील खुनी नाई चालत. गावाले सनद भेटली पायजे. त्याच्यावर गानं बसवलं हाय मी." भांडण झालं, शिव्या झाल्या, आणि शेवटी मन्सूरनंच नाटकासाठी सनद बनवून दिली. जाड कागद चहाच्या पाण्यात भिजवला, चुलीच्या धुरावर धरला, लाखेचा शिक्का मारला. स्वतःचं अक्षर स्टेजवर जाणार, हा मोह सुटला नाही त्याला.

त्या हिवाळ्यात कोसमटोल्याच्या मंडईत तेच नाटक लागलं. सकाळी सामान ट्रकात भरत असताना गावातले आठ-दहा लोक नारळ घेऊन आले. पुढं होता लटारू, तेव्हा पस्तीसेक वर्षांचा. म्हणाला, आमच्या गावची सनद आमाले द्या. मालकानं देऊन टाकली; त्याला काय, दुसरी बनवता येते. मन्सूर ट्रकाजवळच उभा होता.

"तुम्ही बोलले काऊन नाई?" मी नंतर त्याला विचारलं.

"मले वाटलं, बक्षीसच हाय," तो म्हणाला.

सनद मातामायच्या देवळात गेली. काच लागली, हळदकुंकू लागलं, पंचवीस वर्षं धूप लागला. नाटक पाहिलेली माणसं म्हातारी झाली. लेकरांना एवढंच माहीत की राजाची सनद देवळात आहे.

इकडे फ्लेक्सच्या मशिनी आल्या. मन्सूरचं काम दोन-तीन सीझनमध्ये आटलं. छापणारा मेला, त्याच्या पोरानं प्रेस विकून टाकला. उरलेली पुस्तकं पोत्यात होती, पोत्याला वाळवी लागली, आणि एका पावसाळ्यात शमीमनं ते सगळं उकिरड्यावर टाकलं. स्वतःच्या पुस्तकाची एकही प्रत त्याच्या घरात राहिली नाही. मग हात थरथरायला लागला. आधी उजवा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा.

आता माझी पाळी.

कोसमटोल्याचा सामूहिक वनहक्काचा दावा मी बनवत होतो. मी वकील नाही, दहावी नापास आहे, पण दाव्याच्या फायली मी झोपेत लावतो. निस्तारपत्रक होतं, म्हणजे गाव पिढ्यानपिढ्या जंगलातून काय काय आणतं त्याची जुनी सरकारी नोंद. म्हाताऱ्यांचे जबाब होते, मोहाची झाडं मोजलेली होती. फाईल पक्की होती. लटारू आता वनहक्क समितीचा अध्यक्ष. तो म्हणाला, "भाऊ, सनद बी जोडा ना." मी देवळात गेलो, काचेतून पाहिलं, छाती फुगली. राजाची सनद! कोणत्या गावाकडे आहे? झेरॉक्स काढली, जोडली, आणि दोन सभांमधून छातीठोक सांगत फिरलो. वाचता एक अक्षर येत नव्हतं मला.

कचेरीतून पत्र आलं: मोडी मजकुराची नक्कल बाळबोधीत करून, वाचणाऱ्याच्या सहीनिशी जोडा. सुनावणी आठ दिवसांवर. वडशात मोडी वाचणारा एकच.

मन्सूर ओट्यावर बसला होता. मी झेरॉक्स हातात दिली. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि खुदकन हसला. मग हसणं थांबलं.

"हे कुठी भेटलं तुले?"

"कोसमटोल्याची सनद हाय. राजाची."

"राजाची!" त्यानं कागद मांडीवर ठेवला. "अबे, हे माह्या हातचं हाय. ह्या शिक्क्याले मी शमीमच्या बांगडीची लाख वापरली होती."

आतून शमीम म्हणाली, "आन ते बांगडी अजून नाई आनली."

मग त्यानं सगळं सांगितलं, वडसेकरपासून रायमुनियापर्यंत. मी ऐकत होतो आणि डोक्यात रक्त चढत होतं. जेलात मला ज्यानं तीन दिवस जगवलं तो माणूस समोर बसलाय, याचा आनंद करायचा तर मी ओरडलो, "पंचवीस वर्षं झोपले होते का? आता फाईल गेली ना वर!"

"मंग परत घे."

"परत घेतली त म्हनतीन, खोटी होती म्हनून घेतली. सगळी फाईल खोटी ठरन." मी विचार केला, फार तर दोन मिनिटं केला असेल. "तुम्ही फक्त नक्कल करून द्या, पेंटर. सही करा. बाकी कोनाले काही मालूम नाई. आन ते रायमुनिया तेवढं गाळून टाका."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवतं. "सही करतो. गावाचं जंगल हाय, करतो. पन गाळनार नाई. एक बार त्या नाटकवाल्यानं गाळलं माह्यं."

"कोन पकडनार हाय?"

"हौ ना," तो म्हणाला. "कोन पकडते."

नक्कल शमीमनं लिहिली, तो सांगत गेला. खाली त्यानं थरथरत सही केली: अस्सल सनदेबरहुकूम, मन्सूर कासिम शेख.

सुनावणीला लटारू धुतलेलं धोतर नेसून आला होता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मन्सूरला सनद वाचून दाखवायला सांगितली. तो उभा राहिला, आणि काय वाचलं हो! नाटकातल्या राजाला तसं जमलं नसतं. पूर्वेस तळ्याची पाळ, पश्चिमेस थोरला नाला, उत्तरेस कोसमाचे जुने झाड, दक्षिणेस रायमुनियाचे दाट बन.

कोपऱ्यातून एक वनपाल म्हणाला, "थांबा जरा. रायमुनिया? रायमुनिया तर इंग्रजांसोबत आली. राजाच्या काळात कुठची?"

मी मन्सूरकडे पाहिलं. देवाशपथ सांगतो, त्याचा चेहरा उजळला होता. गावाचं जंगल हातचं चाललं होतं, आणि त्या म्हाताऱ्याला आयुष्यातला पहिला वाचक भेटला होता. क्षणभरच. मग त्यालाही कळलं काय झालं ते, आणि तो खाली बसला.

साहेब म्हणाले, "समितीचा अध्यक्ष कोण?"

लटारू उभा राहिला.

"बनावट कागद जोडलात. पोलिसात तक्रार जाईल, माहीत आहे ना?"

"साहेब, बनावट काऊन राहीन? मातामायच्या देवळातली हाय. नाटकात आली होती."

"नाटकात?"

लोक हसले. लटारूला हसण्याचं कारणच कळेना. "मले मालूम हाय नाटकातली हाय. पन नाटकवाले खरी सनद घेऊन आले होते ना. पुस्तकावर लिहून होतं, अस्सल कागदावरून म्हनून. छापून होतं साहेब. छापलेलं खोटं कसं राहीन?"

मन्सूर पुन्हा उभा राहिला. खुर्चीला धरून. "साहेब, ह्या मानसाले काही बोलू नका. हे कागद मी बनवलं. पुस्तक बी माह्यंच हाय. पुस्तकात ते सनद खोटीच निघते. तुमच्या या साहेबानं पकडलं तसंच कोपा पकडते."

"कोण कोपा?"

"हरकारा."

पुन्हा हशा. साहेब तसे वाईट नव्हते, पण त्यांच्या हातात नक्कल होती. "बाबा, आठ दिवसांपूर्वी तुम्हीच सही केली, अस्सल म्हणून. आता म्हणता मी बनवली. कोणतं धरू?"

मन्सूरनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उठलो असतो. असं मी स्वतःला सांगतो.

"बरं, तुम्ही बनवली तर दोन ओळी लिहून दाखवा," साहेब म्हणाले. कागद पुढं आला, पेन आलं. मन्सूरनं डाव्या हातानं उजवा दाबून धरला. पेन कागदावर टेकलं आणि पावसात सापडलेल्या मुंगळ्यासारखं इकडंतिकडं धावलं. ओळ झालीच नाही. त्यानं तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी लटारू म्हणाला, "राहू द्या, पेंटरभाऊ."

"पुस्तक आणा," साहेब म्हणाले. "पुस्तकात सनद खोटी असेल तर ती अध्यक्षांनी बनवलेली नाही हे दिसेल, त्यांच्यावरची तक्रार थांबवता येईल. लेखक कोण म्हणालात?"

"मी."

"पुस्तकावर नाव काय आहे?"

"वडसेकर," मन्सूर म्हणाला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

फाईल परत आली. तक्रार तेव्हा झाली नाही, पण प्रकरण पुस्तक येईपर्यंत उघडं ठेवलं. लटारू दर महिन्याला हजेरीची सही करायला कचेरीत जाऊ लागला, एक अख्खा दिवस मोडून. आणि मन्सूर पुस्तक शोधायला निघाला. ज्या ज्या गावच्या मंडईत चटई टाकली होती तिथं तिथं. एसटीनं, कोणाच्या मोटारसायकलवर मागं बसून, कधी पायी. मी दोनदा सोबत गेलो, मग मला दुसऱ्या गावांची कामं होती. लोक म्हणत, "वडसेकर? हौ, होती एक किताब. पोरानं फाडली असन." एका घरी कव्हर मिळालं, आतलं काही नाही. सिंदेवाहीला पटवाऱ्यांच्या घराला कुलूप होतं. कोसमटोल्यालाही तो गेला, देवळासमोर उभं राहून त्यानं सांगितलं की ही सनद खोटी आहे, मीच काढली. म्हाताऱ्या आशाबाईनं, जी देवळाची झाडलोट करते, त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्ही काढली असन भाऊ. पन पंचवीस वर्षं हळद त आमीच लावली ना." सनद आहे तिथंच राहिली.

सात महिने तो फिरला. कापणीच्या दिवसांत ताप घेऊन आला आणि चौथ्या दिवशी गेला. लटारू मयतीला आला होता. कबरस्तानात माती टाकून त्यानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, आता कोन सांगन साहेबाले का मी चोर नाई म्हनून?"

मग मी शोधायला लागलो. आधी लागायला पाहिजे होतं, हे तुम्ही म्हणायची गरज नाही.

पटवाऱ्यांची सून सावली गावाला राहायला गेली होती. तिथं एका पेटीत, पत्र्याच्या, फुलं रंगवलेल्या, 'कोसमटोल्याची सनद' निघाली. पूर्ण. शेवटच्या प्रकरणासकट. पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं मोडीत दोन ओळी लिहिलेल्या, न तुटता वाहणाऱ्या, त्याचा हात चांगला होता तेव्हाच्या. गुरुजींना दिलेली प्रत. त्या ओळींत काय आहे, खाली सही मन्सूरची आहे की वडसेकरची, मला वाचता येत नाही. वाचून देणारा माझ्या माहितीत आता कोणी नाही.

प्रत मी कचेरीत जमा केली. पोच घेतली. वडसेकर म्हणजेच मन्सूर हे, त्याचा पत्ता आणि तो वारल्याचं अर्जात लिहिलं, दाखला जोडला.

दीड महिन्यानं मी शमीमकडे बसलो होतो तेव्हा पोस्टमन आला. रजिस्टर पत्र. त्यानं पाकीट उलटंसुलटं केलं, पत्ता पुन्हा वाचला.

"वडसेकर इथी कोन हाय?" त्यानं विचारलं. "श्री. वडसेकर, लेखक. पत्ता त हाच हाय."

मी उठलो, चूक झाली म्हणून सांगायला. नोटीस काय आहे ते मला न उघडता कळलं होतं: पुस्तकाच्या लेखकानं समक्ष हजर राहून ओळख पटवावी, तोपर्यंत अध्यक्षांची हजेरी चालू.

शमीमनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. सुई कापडातून वर काढली. दारात आली.

"इथीच राहत होते," ती म्हणाली. "कुठी करू सही?"